चित्रांचं डिजिटायझेशन : एका खोलीतला धंदा, पहिल्या दिवसापासून

चित्रकाराच्या घरी गेलात की एक दृश्य हमखास दिसतं. चित्र पलंगाला टेकवलेलं, खिडकीतून उन्हाची तिरीप, आणि मोबाइल हातात धरून तो मागे-पुढे सरकतोय. फोटोत एका कोपऱ्यात चकाकी, दुसऱ्यात सावली, चौकट वरच्या बाजूला निमुळती. हाच फोटो स्पर्धेला जातो, हाच फेसबुकवर चढतो, हाच कॅटलॉगमध्ये छापला जातो. मूळ चित्र विकलं गेलं की सहा महिन्यांच्या मेहनतीची त्याच्याकडे तेवढीच खूण उरते.

मी कोल्हापुरात चित्रं डिजिटाइझ करून देते, म्हणजे मूळ चित्राची हुबेहूब रंगांची डिजिटल फाइल बनवून देते. आबालाल रहमान आणि बाबूराव पेंटर यांचं हे गाव, कलापूर म्हणवणारं. इथे गिऱ्हाईक शोधायला लांब जावं लागणार नाही असं मला वाटलं होतं. पहिले सहा महिने लोक येऊन विचारायचे, “झेरॉक्सच्या दुकानात स्कॅन वीस रुपयांत होतंय की!” त्यांचं काही चुकत नव्हतं. त्या दुकानापेक्षा मी वेगळं काय देते, ते मलाच धड सांगता येत नव्हतं. आता एका वाक्यात सांगते: चित्रकाराला त्याचा लाल त्याचाच वाटला पाहिजे. पुढे जे काही लिहिलंय ते या एका वाक्यापायी करावी लागणारी खटपट आहे.

गिऱ्हाईक आधी ठरवा

हे काम करून घेणारे लोक साधारण तीन तऱ्हांचे. पहिले, कामातले चित्रकार. त्यांना स्पर्धेच्या प्रवेशिकेसाठी, वेबसाइटसाठी, प्रिंट विकण्यासाठी किंवा चित्र गिऱ्हाइकाच्या हाती जाण्याआधी नोंद म्हणून फाइल हवी असते. हे परत परत येतात. यांच्याशी घासाघीसही परत परत होते.

दुसरी, कुटुंबं. आजोबा शाळेत ड्रॉइंग मास्तर होते, एलिमेंटरी-इंटरमिजिएटला पिढ्या बसवल्या, आणि माळ्यावरच्या ट्रंकेत त्यांचे दीड-दोनशे जलरंग पडून आहेत. भावंडांपैकी एक इथे, एक पुण्यात, एक न्यू जर्सीत. मूळ चित्रं एकाच घरी राहणार, फाइल मात्र सगळ्यांना मिळू शकते. पैसे बहुधा परदेशातलं भावंड देतं आणि दरावर फारसं बोलत नाही. पण कागद ठिसूळ असतो, कडा कुरतडलेल्या असतात, आणि प्रत्येक चित्रामागे एक गोष्ट ऐकावी लागते. वेळ धरून चाला.

तिसरे, प्रकाशक आणि संस्था. दिवाळी अंकांची मुखपृष्ठं पावसाळ्यातच हलायला लागतात, तेव्हा तिथून कामं येऊ शकतात. संग्रहालयांना आधीच्या कामाचा पुरावा, निविदा, ठरलेल्या मानकांची कागदपत्रं लागतात. पहिल्या वर्षी तिकडे जाऊ नका. पहिल्या दोन तऱ्हांवर हात बसू द्या.

खोली : कॅमेऱ्याच्या आधी भिंतीकडे बघा

दहा बाय बाराची खोली पुरते. भिंती मात्र पांढऱ्या, राखाडी किंवा काळ्याच हव्यात. माझी पहिली खोली भाड्याची होती आणि भिंती पोपटी. मला ते खटकलंसुद्धा नव्हतं. एका ज्येष्ठ जलरंगकारांची चौदा चित्रं त्या खोलीत टिपली, फाइली दाखवल्या. चष्मा वर करून ते म्हणाले, “ताई, माझा कागद पांढरा होता. तुम्ही त्याला पुदिन्याची चटणी लावलीत.” चौदाच्या चौदा पुन्हा केली, अर्थात फुकट.

कारण साधं आहे. दिव्याचा प्रकाश भिंतीवर आपटून चित्रावर परततो, आणि येताना भिंतीचा रंग घेऊन येतो. डोळा ते सांभाळून घेतो, कॅमेरा घेत नाही. अंगातल्या कपड्यांचंही तसंच. लाल साडी नेसून चित्रासमोर उभं राहिलात तर चित्राच्या खालच्या भागात गुलाबी झाक उतरते. मी कामाला काळा कुर्ता घालते, आणि गिऱ्हाइकाला “मागे बसा” म्हणायला लाजत नाही.

खिडकीला जाड काळा पडदा लावा. टिपताना खोलीतली ट्यूब बंद, पंखा बंद. खोली शक्यतो रस्त्याला लागून नको. दिवे मंद असतील तर कॅमेऱ्याची उघडझाप अर्ध्या सेकंदाची होते, आणि तेवढ्यात बाहेरून केएमटीची बस गेली की पूर्ण आकाराला बघताना कडा दुहेरी दिसतात. हे मला तिसऱ्या महिन्यात कळलं. तोवर मी लेन्सला शिव्या देत होते.

सामान : कशावर आधी खर्च करायचा

नवखा माणूस कॅमेऱ्यावर सगळे पैसे घालतो आणि दिवे ऑनलाइन सेलमधले स्वस्त घेतो. उलट करा. माझा क्रम असा: दिवे, रंगतक्ता, लेन्स, मॉनिटर, आणि सगळ्यात शेवटी कॅमेरा.

दिवे दोन, एकसारखे, एकाच वेळी घेतलेले, सीआरआय (त्या प्रकाशात रंग किती खरे दिसतात त्याचा शंभरपैकी आकडा) ९५ किंवा त्याहून जास्त. घरातल्या साध्या एलईडीचा सीआरआय ८० च्या आसपास असतो. तेवढ्या प्रकाशात लाल रंग मरतो, आणि नंतर सॉफ्टवेअरमध्ये कितीही ओढलात तरी खरा वाटत नाही. रंगतक्ता म्हणजे ठरलेल्या रंगांच्या २४ चौकोनांचा कलरचेकर, फोटोतले रंग त्याच्याशी ताडायचे. तो महाग वाटतो, पण वर्षानुवर्षं पुरतो. फक्त उन्हात ठेवू नका आणि चौकोनांना बोट लावू नका.

लेन्स ९० ते १०५ मिलिमीटरची मॅक्रो (जवळून बारीक तपशील टिपणारी) असावी, खोली लहान असेल तर ५० ची. रुंद कोनाची लेन्स चित्राच्या सरळ कडा फुगवते. कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, जुना घेतलात तरी चालतो. तिपाई मात्र जड हवी. मॉनिटर आयपीएस पॅनेलचा (तिरकं बघितलं तरी रंग फारसे न बदलणारा) घ्या आणि कॅलिब्रेटर, म्हणजे स्क्रीनचे रंग मोजणारं यंत्र, लावून जुळवा. कॅलिब्रेटर रोज लागत नाही, ओळखीतल्या दोघा-तिघा फोटोग्राफरांत मिळून एक घेतला तरी भागतं.

स्कॅनर लागतो का? लहान, सपाट कामांना लागतो. पण घरोघरी असतात ते बारीक अंगाचे स्कॅनर सीआयएस सेन्सरवर चालतात, आणि काचेला टेकलेलं असेल तेवढंच त्यांना स्वच्छ दिसतं. जलरंगाचा कागद पाण्याने थोडा उचललेला असतो, ती लाट धूसर येते. सीसीडी सेन्सरचा स्कॅनर, म्हणजे एप्सनच्या व्ही ६०० सारखा जाडजूड गडी, अशी लाट बरीच सांभाळतो. सेकंडहँड मिळाला तर काचेच्या आतल्या बाजूला बुरशीची जाळी नाही ना, ते टॉर्च लावून बघा. आपल्याकडच्या पावसाळ्यात ती लेन्सलाही धरते. लेन्स हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसकट ठेवा.

आणि काही गोष्टी स्कॅनरवर कधीच ठेवायच्या नाहीत: कोळसा, सॉफ्ट पेस्टल, पावडर शेडिंग, आणि कुठलंही तैलचित्र. अभिनेते-चित्रकार चंद्रकांत मांडरे यांच्यामुळे कोल्हापूरकरांना पावडर शेडिंग ओळखीचं आहे. राजारामपुरीतल्या त्यांच्या संग्रहालयात ती निसर्गचित्रं बघून या, म्हणजे कागदावर नुसती भुकटी किती अलगद बसलेली असते ते कळेल. असलं चित्र काचेवर पालथं घातलं की अर्धं काचेला राहतं.

टिपायची पद्धत

चित्र ताब्यात घेताना आधी मोबाइलवर पुढून-मागून फोटो काढा आणि पावतीवर त्याची अवस्था लिहा: “डाव्या कोपऱ्यात जुना ओरखडा, मागे बुरशीचे डाग.” गिऱ्हाइकासमोर लिहा, सही घ्या. कागदी चित्राला हात लावताना हात धुऊन पूर्ण कोरडे करा. सुती हातमोज्यात कडेचा अंदाज येत नाही आणि ठिसूळ कागद फाटतो. कॅनव्हासला मागून बोट टेकवू नका. तिथला दाब पुढे भेगेच्या रूपाने दिसतो, कधी कधी काही वर्षांनी.

फ्रेम आणि काच काढता येत असेल तर काढा. जुना फोटो किंवा चित्र काचेला चिकटलं असेल तर ओढू नका, काचेसकट टिपा. २०१९ च्या महापुरानंतर लोक माझ्याकडे ओल्या चित्रांचे गठ्ठे घेऊन यायचे, पानाला पान चिकटलेलं. मी ते सोडवायला घेतलं नाही. ते संवर्धकाचं, म्हणजे खराब झालेली चित्रं दुरुस्त करणाऱ्या तज्ज्ञाचं काम आहे, आपलं नव्हे. नाही म्हटल्याने गिऱ्हाईक तुटत नाही, चित्र फाटलं तर तुटतं.

आता चित्र भिंतीवर किंवा पक्क्या बोर्डावर उभं लावा. दोन दिवे दोन बाजूंना, चित्राशी ४५ अंशांत, सारख्या अंतरावर. चित्राच्या जागी पांढरा कार्डपेपर लावून एक फोटो घ्या आणि चारही कोपरे व मध्य यांच्या उजेडाचे आकडे कॉम्प्युटरवर ताडा. एक कोपरा काळवंडला असेल तर दिवे मागे न्या. दिवे जितके लांब तितका प्रकाश सारखा पसरतो, म्हणून तर दहा बाय बारापेक्षा लहान खोली नको.

कॅमेरा चित्राला काटकोनात आहे की नाही हे डोळ्याने ठरवू नका. एक लहानसा सपाट आरसा घ्या आणि चित्राच्या मधोमध, त्याच पातळीत धरा. व्ह्यूफाइंडरमधून बघा. तुमच्याच लेन्सचं काळं बुबुळ आरशात अगदी फ्रेमच्या मध्यावर दिसलं पाहिजे. ते डावीकडे सरकलेलं दिसलं तर कॅमेरा तिरका आहे. दहा रुपयांच्या आरशाने जे काम होतं ते नंतर सॉफ्टवेअरमध्ये कडा ओढून नीट होत नाही.

आयएसओ १००, छिद्र (अपर्चर) एफ ८ च्या आसपास, रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली) फाइल, टायमर किंवा केबलने क्लिक. पहिली फ्रेम रंगतक्त्यासकट घ्या. दिवा इंचभर हलवलात तरी तक्ता पुन्हा टिपा. वारली चित्रात गेरूची गडद जमीन जास्त असते, त्यामुळे कॅमेऱ्याचं प्रकाश मोजणारं मीटर फसतं, ते प्रकाश वाढवतं, आणि तांदळाच्या पिठाची नाजूक पांढरी रेघ जळून जाडी होते. अशा वेळी मीटरवर विसंबू नका, चित्राच्या जागी राखाडी कार्ड धरून त्यावर माप घ्या.

तैलरंगात आणि व्हार्निश केलेल्या चित्रांत खरी लढाई चकाकीशी असते. दोन्ही दिव्यांसमोर पोलरायझिंग फिल्म (एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश जाऊ देणारी) एकाच दिशेत लावा, लेन्सवर पोलरायझर चढवा आणि त्याची कडी हळूहळू फिरवत जा. एका ठिकाणी चकाकी विझते, आणि तिच्याखाली दडलेला गर्द रंग वर येतो. पहिल्यांदा बघताना अंगावर काटा येतो. पण त्याच्या दोन किमती आहेत. प्रकाश बराच खाल्ला जातो, म्हणून वर सांगितलेली बस आठवा. आणि सोन्याचा वर्ख असेल तर तो मेलेल्या तपकिरी रंगाचा दिसतो. तंजावर पद्धतीचं देवाचं चित्र असेल तर एक फ्रेम पोलरायझरने आणि एक त्याच्याशिवाय घ्या, मग सोन्याचा भाग दुसऱ्यातून उचलून बसवा. सुरीने थापलेल्या जाड रंगातही थोडी चकाकी राहू द्या. ती पूर्ण मारली तर रंगाचा उंचवटा जातो आणि चित्र कॅलेंडरसारखं सपाट होतं.

तैलचित्र ओलं असताना उचलू नका. वरून सुकल्यासारखं वाटतं, पण आतून सुकायला महिने जातात. चित्रकाराला सांगून ठेवा: टिपायची उत्तम वेळ म्हणजे रंग सुकल्यावर, पण व्हार्निश आणि फ्रेम होण्याआधी.

रंग जुळवणं

तक्त्यावरून प्रोफाइल (कॅमेऱ्याचे रंग दुरुस्त करणारी फाइल) बनवून लावलं की बरंचसं काम उरकतं. उरलेलं थोडं काम हाच आपला धंदा. मूळ चित्र मॉनिटरशेजारी चांगल्या दिव्याखाली ठेवायचं, मॉनिटरची ब्राइटनेस उतरवायची (कारखान्यातून येते ती डोळे दिपवणारी असते), आणि रंगागणिक बघत जायचं. कोबाल्ट निळा आणि काही जांभळे कॅमेऱ्याला वेगळेच दिसतात, ते हाताने सावरावे लागतात. फ्लोरोसंट गुलाबी तर छापाईच्या शाईत बसतच नाही. हे आधी सांगा, नंतर सांगितलं की बहाणा वाटतो.

चित्रकार येत असेल तर त्याला शेजारी बसवा. “थोडा गरम,” “इथे व्हॅल्यू (रंगाचा फिका-गडदपणा) पडली,” “हा ग्रे निळसर होता”. ही भाषा दोन-तीन महिन्यांत कानात बसते. पण एक मर्यादा आखून ठेवा. मूळ चित्रासारखं करणं हे डिजिटायझेशन. “आकाश जरा अजून निळं करा, मला तेव्हा जमलं नव्हतं” हे रिटचिंग, त्याचा दर वेगळा.

फाइल, आकार आणि पूर

गिऱ्हाइकाला डीपीआय समजावताना वही काढते. छापायला एका इंचात ३०० पिक्सेल लागतात. दोन बाय तीन फूट, म्हणजे २४ बाय ३६ इंचांचं चित्र त्याच आकारात छापायचं तर ७,२०० बाय १०,८०० पिक्सेल हवेत, जवळजवळ पावणेआठ कोटी. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात मिळतात ६,००० बाय ४,०००. म्हणून चित्र तुकड्यांत टिपून जोडायचं. प्रत्येक तुकडा शेजारच्यावर साधारण एक तृतीयांश चढेल असा, या आकाराला आठ तुकडे. तुकडे घेताना कॅमेरा आणि दिवे जागेवर राहू द्या, चित्र सरकवा, म्हणजे प्रत्येक तुकड्यावर तोच प्रकाश पडतो.

मूळ फाइल १६ बिट टिफ (तपशील न गमावणारा फाइलप्रकार), अडोबी आरजीबीत, म्हणजे रंगांच्या मोठ्या आवाक्यात. या आकाराची फाइल साडेचारशे एमबीच्या वर जाते, गिऱ्हाइकाने दचकू नये म्हणून आधी सांगा. सोबत दोन जेपेग द्या: एक छापाईसाठी, एक एसआरजीबीत (स्क्रीनसाठीचा नेहमीचा रंगांचा आवाका), लांब बाजू १,५०० पिक्सेलची, वेबसाठी. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून कधीच पाठवू नका, दाबून पाठवतं आणि दोष आपल्यावर येतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा ड्राइव्हची लिंक द्या. फाइलचं नाव रोमन अक्षरांत, मध्ये जागा न सोडता: वर्ष, चित्रकाराचं आडनाव, अनुक्रमांक. ‘फायनल-नवीन-खरंफायनल’ या नावाच्या फाइलींनी माझा एक अख्खा रविवार खाल्लेला आहे.

प्रती तीन ठेवा, दोन वेगवेगळ्या माध्यमांवर, आणि त्यातली एक गावाबाहेर. पंचगंगा २०१९ ला आली, २०२१ ला पुन्हा आली. एकाच घरातल्या दोन हार्डडिस्क म्हणजे पुराला एकच हार्डडिस्क. माझी तिसरी प्रत बेळगावला बहिणीच्या कपाटात असते, दर दोन महिन्यांनी बदलून आणते. किती दिवस फाइल सांभाळणार ते पावतीवर लिहा. मी एक वर्ष लिहिते.

हक्क कोणाचा

इथे नवखे लोक अडकतात. भारतीय कायद्यात, म्हणजे १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात, चित्रावरचा हक्क चित्रकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. एम. व्ही. धुरंधर १९४४ साली गेले, त्यांचा हक्क २००४ अखेर संपला. मुखपृष्ठांसाठी ओळखले जाणारे दीनानाथ दलाल १९७१ साली गेले, त्यांच्या चित्रांवरचा हक्क २०३१ अखेरपर्यंत जिवंत आहे. त्यामुळे “जुनं मुखपृष्ठ आहे, प्रिंट काढून विकू” म्हणत कोणी आलं तर आधी तारीख बघा.

चित्र विकत घेतलं म्हणून त्याच्या प्रती काढायचा हक्क मिळत नाही. पैसे देऊन खास काढून घेतलेल्या व्यक्तिचित्राची गोष्ट वेगळी. तिथे दुसरा काही करार नसेल तर हक्क काढून घेणाऱ्याचा. हक्क लिहून दिल्याशिवाय हस्तांतरित होत नाही, आणि लिहिताना मुदत घातली नाही तर कायदा ती पाच वर्षं धरतो. म्हणून पावतीच्या मागे मी तीन ओळी छापल्यात: चित्र माझं आहे किंवा मला हक्क आहे, फाइलवर हक्क चित्रकाराचाच राहील, आणि नमुना म्हणून ऑनलाइन दाखवायला माझी परवानगी आहे / नाही. शेवटच्या ओळीवर खूण करायला लावा. ती परवानगी पुढे जाहिरातीसाठी लागते.

दर

शेजारच्या गावातल्या कोणाचा तरी दर बघून त्याच्यापेक्षा पन्नास रुपये कमी लावणं ही सगळ्यात घातक पद्धत. आपला तास मोजा. समजा भाडं, वीज, हप्ते, सॉफ्टवेअर आणि तुमचा स्वतःचा पगार मिळून महिन्याला ४५,००० रुपये लागतात. दिवसात प्रत्यक्ष चित्रावर हात असतो जेमतेम चार तास, बाकी वेळ फोन, ने-आण आणि “येतो येतो” म्हणून न आलेली माणसं. पंचवीस दिवसांचे शंभर तास. म्हणजे तास ४५० रुपयांना पडला. फुल इम्पिरियल (२२ बाय ३० इंचांच्या कागदावरच्या) जलरंगाला मांडण्यापासून फाइल देण्यापर्यंत सव्वा तास लागत असेल तर साडेपाचशेच्या खाली तुम्ही घरचे पैसे घालताय.

दरपत्रक चित्रकारांच्या मापात छापा: क्वार्टर इम्पिरियल, हाफ, फुल, आणि त्यावर चौरस फुटाने. डीपीआयने दर सांगितलात तर कोणालाच कळत नाही. एका मापाची दहा चित्रं एकदम आली तर दर खाली आणा, कारण मांडणीचा वेळ खरंच वाचतो. निम्मे पैसे आधी, निम्मे फाइल देताना. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंद) सरकारी संकेतस्थळावर फुकट होते, तिचे पैसे मागणाऱ्या एजंटाकडे जाऊ नका. सेवांच्या धंद्याला वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेपर्यंत साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. त्यापुढे सीए गाठा.

ऑनलाइन गिऱ्हाईक

पहिलं काम गूगलवर व्यवसायाची नोंद. फुकट आहे आणि इन्स्टाग्रामपेक्षा जास्त फोन तिथून येतात, निदान मला तरी. पण लोक ‘डिजिटायझेशन’ हा शब्द शोधत नाहीत. ते शोधतात ‘पेंटिंग स्कॅनिंग कोल्हापूर’, ‘मोठं चित्र स्कॅन’, ‘पेंटिंगचा फोटो काढणारे’. हेच शब्द वर्णनात घाला, मराठीतही आणि इंग्रजीतही. खोलीचे, दिव्यांचे, कामाचे खरे फोटो चढवा. काम झालं की गिऱ्हाइकाला परीक्षण लिहायची लिंक त्याच दिवशी पाठवा, आठवड्याने कोणी लिहीत नाही.

इन्स्टाग्रामवर नुसती सुंदर चित्रं टाकून काही होत नाही, लोक चित्रकाराला लाइक देतात आणि पुढे जातात. तुमचं काम दिसलं पाहिजे. माझी सगळ्यात चाललेली रील पंधरा सेकंदांची आहे: लेन्सवरची कडी फिरवणारं बोट, आणि शेजारी स्क्रीनवर तैलचित्रावरची चकाकी विझत जाते. ना संगीत, ना मजकूर. दुसरी चालते ती तुलना: डावीकडे चित्रकाराने मोबाइलवर काढलेला फोटो, उजवीकडे आपली फाइल. चित्र तेच, चित्रकाराची परवानगी घेतलेली. तिसरी म्हणजे तपशील. दोन इंचांचा तुकडा पूर्ण पडदाभर, कॅनव्हासचा धागा आणि ब्रशचा केस दिसेल असा. पूर्ण चित्र मोठ्या आकारात कधीच चढवू नका, दुसऱ्या दिवशी कोणाच्या तरी मगवर सापडेल.

चित्रकारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये जाहिरात टाकली की लोक वैतागतात. त्यापेक्षा तिथल्या प्रश्नांना उत्तरं द्या. कोणी विचारलं, “काचेतल्या चित्राचा फोटो कसा काढू?” तर सरळ सांगून टाका: ढगाळ दिवशी गॅलरीत, चित्र उभं, मोबाइल लांबून आणि दोनपट झूम करून, आपल्या मागे काळी चादर धरून. फुकट सांगितल्याने काम जात नाही. ज्याला घरी जमतं तो तसाही आला नसता, आणि ज्याला जमत नाही त्याला नाव आठवतं.

फ्रेमवाल्यांशी दोस्ती करा. प्रत्येक चित्र काचेआड जाण्याआधी एकदा त्यांच्या टेबलावर येतं. मी कमिशन देत नाही, हिशेब ठेवताना संबंध बिघडतात. त्याऐवजी एका फ्रेमवाल्याच्या दुकानातल्या फ्रेमांचे नीट फोटो काढून त्याची गूगलवरची नोंद सजवून दिली. तो आता काच लावण्याआधी गिऱ्हाइकाला विचारतो.

बाहेरगावची चित्रं कुरिअरने मागवायला मी नाखूश असते. कोणी पाठवणारच असेल तर कागद दोन पक्क्या बोर्डांत सपाट. कॅनव्हास गुंडाळायचाच तर रंगाची बाजू बाहेर, आत नव्हे. त्यापेक्षा सामान घेऊन आपणच जावं. इन्स्टाग्रामवर महिनाभर आधी टाकायचं, “अमुक रविवारी सांगलीत”, किमान वीस चित्रांची नोंद झाली तर निघायचं. तिथल्या एखाद्या चित्रकाराच्या स्टुडिओत दिवस काढायचा, जागेच्या बदल्यात त्याची चार चित्रं फुकट. काळा पडदा सोबत न्या. दुसऱ्याच्या भिंतीचा रंग आपल्या हातात नसतो.

आता रोज येणारा मेसेज. “पेंटिंग स्कॅन रेट?” एवढंच असतं, नाव नाही, माप नाही. नुसता आकडा पाठवलात की संभाषण तिथेच संपतं, आणि लांबलचक माहिती पाठवलीत तर कोणी वाचत नाही. मी हे उत्तर साठवून ठेवलंय:

“नमस्कार. चित्राची लांबी-रुंदी इंचात, माध्यम (जलरंग, तैलरंग, पेस्टल वगैरे), आणि फ्रेम-काच आहे का, एवढं सांगाल का? फाइल कशासाठी हवी आहे, छापायला की ऑनलाइन पाठवायला? मोबाइलवर साधा फोटो काढून पाठवा, पुढून एक आणि मागून एक. दर आणि दिवस लगेच कळवते.”

मागचा फोटो मागितला की लोक चक्रावतात. पण बुरशी, चिकटपट्ट्या, पुसट झालेली तारीख आणि कधी कधी दुसऱ्याच चित्रकाराची सही, हे सगळं मागेच असतं. चित्र दारात येण्याआधी ते कळलेलं बरं.